काजळीच्या दोन वाटा

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतला मोडीचा एक कागद मी वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बाहेर काढतो. घडी उलगडली की चार-दोन चकाकते कण टेबलावर पडतात. ती वाळू आहे. बोरूनं लिहून झालं की ओल्या अक्षरांवर बारीक वाळू भुरभुरायची, जादा शाई टिपली गेली की कागद झटकायचा, ही त्या वेळच्या कारकुनांची रीत होती. झटकताना जे कण घडीत अडकले ते अजून तिथंच आहेत. निजामाचं राज्य गेलं, १९४८ साली संस्थान भारतात आलं, १९५६ साली आमचा गुलबर्गा (आताचा कलबुर्गी) जिल्हा मैसूर राज्यात गेला, वाळू हलली नाही. कागदाच्या एका कोपऱ्यावर कधीतरी पाणी सांडलं होतं, तेवढ्या जागेतल्या ओळी धुऊन गेल्यात. बाकीची अक्षरं काल लिहिल्यासारखी काळीभोर.

आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्यात मी अर्ज लिहून देतो. पूर्वी हातानं देत होतो, आता छापून देतो. मराठी बोलणारी घरं, कन्नड कचेरी आणि जुने कागद उर्दूत किंवा मोडीत, अशा गावात अर्जनवीसाला काम कमी पडत नाही. मागच्या उन्हाळ्यात आळंदहून पुतण्या आला आणि त्यानं विचारलं, "काका, घरात प्रिंटर घ्यायचा म्हणतोय. लेझर घेऊ का इंकजेट?" उत्तर दोन वाक्यांत दिलं, पण ते मला स्वतःलाच अपुरं वाटलं. दुकानदार पानामागची किंमत सांगतो, आणि ती खरीच असते. तरीही ही दोन यंत्रं कुठून आली, कुणाच्या पोटची आहेत, हे कळल्याशिवाय आपल्या घरात कोणतं नांदेल ते कळत नाही.

सुरुवात दौतीपासून करतो.

आपल्याकडची जुनी शाई म्हणजे तेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी. हे सगळं तासन्‌तास घोटायचं. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन. तिला ऊन खात नाही, म्हणून आजोबांची अक्षरं फिकी झाली नाहीत. पण तिला कागदाला धरून ठेवणारा डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून तो कोपरा धुऊन गेला. या शाईकडून दोन उलट्या गोष्टी हव्या असतात. लेखणीत असेपर्यंत तिनं वाळू नये आणि कागदावर पडल्या क्षणी वाळावं. दौत दोन महिने उघडी राहिली तर तळाला खपली धरते, बोरू पुसून ठेवला नाही तर टोक बंद होतं. आज इंकजेटच्या नावानं लोक ज्या तक्रारी घेऊन येतात त्या सगळ्या या दौतीत आधीच होत्या.

दुसरी वाट धुळाक्षरांची. पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि तीत बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं, असं शिकलेल्या पिढ्या आपल्याकडं होऊन गेल्या. त्याच जातीची दुसरी वस्तू म्हणजे रांगोळीचा छापा. डब्याच्या बुडाला भोकांची नक्षी, आत पूड, उंबऱ्यावर ठेवून नुसता टेकवला की कमळ उमटतं. पुडीला वाळायची भीती नाही. गेल्या दिवाळीचा रांगोळीचा डबा यंदा उघडला तरी पूड तशीच भुरभुरते. तिची अडचण एवढीच की ती जागेवर टिकत नाही, फुंकर मारली की कमळ गेलं. लेझर प्रिंटरची गोष्ट म्हणजे ही पूड जागेवर बसवायची गोष्ट.

मधे एक दगड येतो, आणि तो दोन्ही वाटांच्या फाट्यावर उभा आहे. बव्हेरियात आलॉइस सेनेफेल्डरनं १७९६ च्या सुमारास शिळाछापाची युक्ती शोधली. चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूनं लिहायचं, दगड ओला करायचा, मग तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. तेल-पाण्याचं वैर असल्यामुळं शाई लिहिलेल्या जागी धरते आणि ओल्या जागी धरत नाही. अक्षर उंच नाही, खोल नाही, सगळा दगड एका पातळीत. फक्त कुठं ओढ आहे आणि कुठं नाही एवढाच फरक. हा दगड आपल्याकडं यायच्या आधीही छपाई झाली होती. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीनं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, आणि त्याच साली मिरजेला तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. पण घराघरांत छापील कागद पोचवला तो दगडानं. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापलं. छापायच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसं छापील पोथीला शिवायला तयार नसत, तेव्हा तुपाची शाई वापरून तोड काढली गेली. पुढं जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांना देखणेपण आलं. आमच्याकडं मात्र निजामाचा कारभार उर्दूत. उर्दूचं नस्तालिक वळण खिळ्यांत बसवणं अवघड, म्हणून हैदराबादेत उर्दू वर्तमानपत्रं कातिबाच्या हातानं लिहून दगडावरूनच निघत.

मला वाटतं, शिळाछापाचं मर्म ज्याला उमगलं त्याला लेझर प्रिंटर अर्धा समजला. तेलाच्या जागी वीज घाला, झालं.

ती वीज घातली चेस्टर कार्लसननं. तो न्यू यॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा. दिवसभर नकला काढाव्या लागायच्या, आणि सांधेदुखीनं हात धरायचे. यात मला माझे वडील दिसतात. एकाच अर्जाच्या चार प्रती ते कार्बन पेपर घालून दाबून लिहायचे आणि रात्री बोटं गरम पाण्यात बुडवून बसायचे. कार्लसननं अ‍ॅस्टोरिया भागात एक खोली घेतली आणि ऑटो कोर्नेई नावाचा ऑस्ट्रियातून आलेला भौतिकशास्त्रज्ञ मदतीला ठेवला. २२ ऑक्टोबर १९३८. कोर्नेईनं काचेच्या पट्टीवर तारीख आणि जागेचं नाव लिहिलं. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर होता. अंधारात रुमालानं घासून त्यावर विजेचा भार आणला, काच त्यावर ठेवली, काही सेकंद झगझगीत दिवा दाखवला. जिथं उजेड पडला तिथला भार गेला, अक्षरांच्या सावलीत तो राहिला. वरून लायकोपोडियमची पूड भुरभुरली, म्हणजे नेच्यांच्या नात्यातल्या एका वनस्पतीचे बीजाणू, आणि फुंकर मारली. पूड उडून गेली, अक्षरांपुरती चिकटून राहिली. मेणकागद दाबून ती उचलली आणि मेण किंचित तापवून पक्की केली. रांगोळीचा प्रश्न त्या खोलीत सुटला.

काचेवर कोर्नेईनं लिहिलं होतं ते ज्या शाईनं, तिला इंग्रजीत इंडिया इंक म्हणतात. ती काजळीची शाई. कोरड्या छपाईचं जगातलं पहिलं पान हे दौतीतल्या काजळीची सावली आहे, हे वाचलं तेव्हा मी उठून पेटीतला कागद पुन्हा बघितला होता.

पुढची वीस वर्षं कार्लसनला सोपी गेली नाहीत. वीसहून जास्त कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. १९४४ मध्ये बॅटेल संस्थेनं हात दिला, मग हॅलॉइड नावाच्या छोट्या कंपनीनं. ग्रीक भाषेतून 'कोरडं लेखन' अशा अर्थाचं नाव काढलं गेलं, त्यावरून झेरॉक्स. ९१४ नावाचं यंत्र १९५९ मध्ये आलं. आमच्याकडं आज म्हातारीही म्हणते, "आधारची झेराक्स काढून दे बाबा." ग्रीक शब्द आहे हे तिला माहीत असायचं कारण नाही, पण तिच्या तोंडी तो मराठीच झालाय. त्याच कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदरला १९६९ च्या सुमारास सुचलं की मूळ कागदाचा उजेड कशाला, लेझरच्या किरणानं यंत्रातल्या ढोलावर, म्हणजे कार्लसनच्या पत्र्याच्या जागी आलेल्या फिरत्या रुळावर, थेट अक्षर लिहिता येईल. वरिष्ठांना ते पटलं नाही. तो १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पार्क या प्रयोगशाळेत गेला आणि तिथं यंत्र उभं केलं. १९७७ ला बाजारात आलेलं ९७०० हे मॉडेल मिनिटाला १२० पानं काढायचं. ते मोठ्या कचेऱ्यांसाठी होतं. घरापर्यंत यायला कॅननची एक साधी कल्पना कारणी लागली. १९८२ च्या छोट्या कॉपियरमध्ये त्यांनी ढोल, पूड आणि झिजणारे भाग एका डब्यात घातले. डबा संपला की बदलायचा, मिस्त्री बोलवायचा नाही. ती टोनरची कार्ट्रिज.

ओल्या वाटेचा मागोवा इतका सलग घेता येत नाही. लॉर्ड केल्विननं १८६७ मध्ये समुद्राखालच्या तारांचे क्षीण संदेश टिपायला सायफन रेकॉर्डर केला. बारीक नळीतून शाई कागदाच्या पट्टीवर उतरायची आणि नळी कागदाला टेकायची नाही. स्वीडनमध्ये रूने एल्मक्विस्टनं १९५१ च्या पेटंटात शाईची धार वापरून हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र केलं. पहिला शरीरात बसवलेला पेसमेकरही १९५८ साली त्याच्याच हातचा. मग १९७७ मध्ये जपानात, कॅननच्या प्रयोगशाळेत, इचिरो एंदो यांच्याकडून तापलेली डाग देण्याची सळई चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली. सुईतून शाईचा थेंब उडाला. तापल्यानं आत बुडबुडा झाला आणि त्यानं शाई ढकलली. अमेरिकेत एचपीमध्ये जॉन वॉट यांनाही जवळजवळ त्याच सुमारास कॉफीच्या भांड्यातली उकळी बघून असंच सुचलं. एप्सननं उष्णता टाळली. विजेच्या धक्क्यानं आकार बदलणारा स्फटिक घेऊन त्याच्या दाबानं थेंब पिळून काढला, आणि त्यांची यंत्रं त्या पद्धतीनं चालू लागली.

१९८४ हे साल ध्यानात ठेवण्यासारखं. एचपीनं एकाच वर्षात दोन्ही वाटांची यंत्रं विकायला काढली. थिंकजेट ४९५ डॉलरला, १२ छिद्रांचं, इंचाला ९६ ठिपके. लेझरजेट ३,४९५ डॉलरला, इंचाला ३०० ठिपके, मिनिटाला आठ पानं. सातपट किंमत मोजणाऱ्याला अक्षर मिळत होतं, आणि आमच्यासारख्या दोन लिप्यांच्या माणसांना त्या अक्षराचं मोल जास्त. त्या काळचा सुयांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर रोमन लिपीसाठी घडवलेला. नऊ सुयांत इंग्रजी अक्षर नीट बसतं. देवनागरी तीन मजली, वर मात्रा, मधे शिरोरेषेला टांगलेलं अक्षर, खाली उकार. कन्नडची ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरांतली दुसरी अक्षरं, तर ओळीखाली उतरून बसतात. पुण्याच्या सी-डॅकनं जिस्ट कार्ड काढलं, १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरलं, तेव्हा कुठं संगणकाला आपली अक्षरं समजली. पण नऊ सुयांतून ती कागदावर आली की 'कि' आणि 'की' यांत फरक करायला डोळे ताणावे लागत. इंचाला ३०० ठिपके मिळाल्यावर वेलांटी वेलांटीसारखी दिसली.

गावात छापील कागदाला वजन आलं ते पहाणीमुळं. शेजारी महाराष्ट्रात जो सातबारा, ती आमच्याकडं पहाणी. कर्नाटक सरकारनं २००० च्या सुमारास भूमी योजना राबवली. १७७ तालुक्यांतले सुमारे २ कोटी उतारे आणि ६७ लाख शेतकऱ्यांची नावं संगणकात गेली. हातानं लिहिलेली पहाणी बंद झाली आणि तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत छापील पहाणी मिळू लागली. त्या दिवसापासून कागद खरा की खोटा हे लोक हस्ताक्षरावरून न ओळखता छपाईवरून ओळखू लागले. आता पहाणी घरबसल्या काढता येते. पीकविमा, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, सगळे फॉर्म आधी पडद्यावर दिसतात आणि शेवटी कागदावरच द्यावे लागतात. घरचा प्रिंटर आमच्या खेड्यात हौसेतून आला नाही, या खिडकीच्या मागं मागं आला.

माझा पहिला प्रिंटर छोट्या कार्ट्रिजचा रंगीत इंकजेट. त्या वर्षी एप्रिल-मे मी मुलीकडं सोलापुरात होतो. परत आलो तेव्हा घर बंद, पत्रे तापलेले, कलबुर्गीचा मे म्हणजे चाळीसच्या वरचा पारा आणि हवेत ओल नाही. जूनमध्ये शाळाप्रवेशाचे अर्ज सुरू झाले, दारात रांग लागली आणि यंत्र पांढऱ्या पट्ट्या सोडायला लागलं. साफसफाईचा हुकूम दिला की ते स्वतःच्या छिद्रांतून शाई ओढून आत सांडून टाकतं. चार वेळा साफ केलं आणि नवी कार्ट्रिज एकही अर्ज न छापता अर्धी झाली. एक पोरगी आईबरोबर तीन तास बसून शेवटी आळंदला गेली. तिचा अर्ज मुदतीत पोचला, पण ते तीन तास मला आजही लागतात.

तेव्हा सगळेच सिरिंजनं कार्ट्रिज भरायचे. एंदोंच्या टेबलावर ज्या सिरिंजनं ही विद्या जन्माला घातली, तीच पंचवीस-तीस वर्षांनी आमच्या गल्लीत तिला जगवत होती. काही पोरं तर बाहेर बाटल्या लावून नळ्या आत सोडायची. मोठ्या टाकीचा प्रिंटर कंपन्यांनी नंतर काढला. एप्सननं २०१० मध्ये आधी इंडोनेशियात, मग आपल्याकडं. त्याआधी तो आपल्या बाजारांनी घरोघरी करून पाहिला होता, आणि हे श्रेय त्या सिरिंजवाल्या पोरांना कुणी दिलेलं नाही. ६५ मिलिलिटरची काळी बाटली साडेचार हजार पानं देते असं कंपनी सांगते, तर माझ्या लेझरची नवी कार्ट्रिज दोन हजारांच्या आसपास. हे आकडे पानाचे शंभरातले पाच भाग काळे होतात असं धरून काढलेले असतात. शिरोरेषेनं भरलेलं मराठी पान त्यात बसेलच असं नाही.

मग मी काळा-पांढरा लेझर घेतला. त्याचे गुणदोष हाताखालून गेलेत म्हणून सांगतो. पुडीत काजळी आणि प्लॅस्टिक मिसळलेलं असतं. ढोलावरून ती कागदावर आली की दोनशे अंशांच्या आसपास तापलेला रूळ तिला वितळवून बसवतो. म्हणून तो छापताना इस्त्रीसारखी वीज ओढतो. इन्व्हर्टरवर लावला की इन्व्हर्टर ओरडतो, लाइट गेली की काम थांबतं. टाकीवाला इंकजेट पंधरा वॅटच्या आसपास निभावतो. कार्ट्रिजला भोक पाडून पूड भरताना एकदा अर्धी माझ्या धोतरावर सांडली. बायकोनं गरम पाणी ओतण्याआधी मी ओरडलो, कारण गरम पाण्यानं ती तिथंच वितळून बसली असती. ही पूड आधी झटकायची, मग थंड पाणी. आणि दुकानदार सांगत नाहीत अशी एक गोष्ट. लेझरचं अक्षर कागदाच्या वर बसतं, आत मुरत नाही. घडीवर ते तडकतं. स्वस्त प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून उन्हाळा काढला तर अक्षरं पिशवीला चिकटून वर येतात. एका मावशींची पहाणी मी अशी पिशवीतून सोडवली, तर खातेदाराचं नाव कागदावर नव्हतं, पिशवीवर उलटं उमटलं होतं.

तरी पावसाचं काय? मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेले कागद भिजतात. इंकजेटच्या अनेक शाईंत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. तो थेंबानं पसरतो, उन्हानं विटतो. बाटलीवर पिगमेंट लिहिलेलं असेल तर आत घन कण असतात आणि काळी बहुधा काजळीच, ती बरीच तग धरते. घेताना एवढं वाचून घ्यावं.

पुतण्याला मी शेवटी एकच विचारलं, "वर्षातले किती दिवस तो बंद राहील?" त्यानं मोजलं. विमा, पेरणी आणि पोरांचे प्रवेश जून-जुलैत, मग तुरीची रास होईपर्यंत कुणी हात लावणार नाही, उन्हाळ्यात घर बंद. असं घर पुडीचं. पूड वाट बघते, शाई बघत नाही. त्याच्या धाकट्या मेहुणीचं घर वेगळं. दोन शाळकरी मुली, रोज नकाशे आणि रंगीत चित्रं, आठवड्यातून चार दिवस यंत्र चालू. तिथं टाकीचा इंकजेट हवा, आणि सुट्टीत आठ दिवसांनी एकदा सगळ्या रंगांचं एक पान काढायचं, बोरू कोरडा पडू नये म्हणून. एकाच प्रिंटरनं रंगीत फोटो आणि दप्तरी कागद दोन्ही निभावेल असं मी कुणाला सांगत नाही. फोटो आळंदच्या स्टुडिओत काढून आणावा.

पुतण्यानं लेझर घेतला. पहिलं पान म्हणून त्यानं आमची सामाईक पहाणी काढली आणि मला आणून दाखवली. खातेदार म्हणून आजोबांचंच नाव आहे, कन्नडात, काळं कुळकुळीत. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. वारसांची नावं लावायचा अर्ज, ज्याला कचेरीत पौती म्हणतात, आम्ही अजून केलेला नाही. पोटहिश्शावरून भाऊबंदांचं जमत नव्हतं, आता जमलंय. त्या अर्जाला वंशावळ जोडावी लागते. ती मी छापणार आहे, जाड कागदावर, आणि त्याला सांगून ठेवलंय की घडी घालायची नाही.